नम्र नकाराचा धडा

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (खरं तर माझी खोली इतकी अरुंद आहे की साष्टांग घालायचा तर पाय बाहेर जिन्यात काढावे लागतील, आणि जिन्यात काहीही ठेवायला इथे लेखी परवानगी लागते. तेव्हा उभ्यानेच घातलेला नमस्कार गोड मानून घ्या.) तुमची कंबर कशी आहे? दादाचं घोरणं? थोरलीचं गणित, धाकटीचे पडलेले दात? सगळी चौकशी एकदम करून टाकतो, कारण फोनवर ती कधी पुरी होत नाही. रविवारी दादा "मजेत ना?" विचारतो, मी "मजेत" म्हणतो, दादा "बरं, ठेवतो मग" म्हणतो, आणि ठेवता ठेवता मागून तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. शिट्ट्यांबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहेच.

मी इकडे खुशाल आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकलं की पुढे काहीही लिहायला माणूस मोकळा होतो.

धाकटीचं चित्र पोचलं. आपल्या घरातली माझी खोली तिने फार छान काढली आहे. खिडकी, थोरलीचं नवीन अभ्यासाचं टेबल (म्हणजे माझंच जुनं), टेबलावर दिवा, दिव्याखाली थोरली (तिला तीनच केस का दाखवलेत ते कळलं नाही). आणि वर छताकडे एक मोठा बाण काढून लिहिलंय, "काकाची कॉट माळ्यावर." बाण अगदी सरळ काढलाय. पोरीचा हात चांगला आहे. कॉट तशीही फार करकरायची, आणि फोल्डिंगची असल्यामुळे माळ्यावर मावलीही असेल. चांगलं झालं.

हे पत्र छापील कागदांच्या पाठीवर लिहितोय म्हणून रागावू नका. पुढच्या बाजूला "रजेच्या कारणाचा अर्ज" आहे. आमच्या संस्थेत अशा अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. मी इथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. (दादाच्या त्या मित्राने "परदेशात मास्तर हवेत" असं आपल्या ओसरीवर बसून सांगितलं, दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला नाही म्हणता येत नाही हे त्या दोघांनाही माहीत होतं. चहा निवायच्या आत माझं जाणं ठरलं. तुम्ही तेव्हा आतून म्हणाला होता, "अहो, त्यांना विचारा तरी!" ते मी ऐकलं होतं. अकरा महिने झाले, तेवढं एक वाक्य अजून जपून ठेवलंय.) पण शिकवणं हे इथे दिवसातलं सगळ्यात छोटं काम आहे. बाकी वेळ मी शिकवल्याचा पुरावा देण्यात जातो. आमच्या संचालिकाबाईंचा कशावरही कागदाशिवाय विश्वास बसत नाही. मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी सर्दीचा पुरावा मागितला. मी काय देणार? तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, दोन शिंका दिल्या. त्यांनी "समक्ष पाहिले" असा शेरा मारून सही केली.

या बाईंच्या गळ्यात एक शिट्टी असते. खेळाच्या पंचाची असते तशी, चकचकीत. (मी मनातल्या मनात त्यांना शिट्टीबाई म्हणतो. मनातल्या मनात म्हणजे खरोखरच मनात, कारण मोठ्याने मराठी बोलायची सोय नाही.) नियम असा की इमारतीत पाऊल टाकलं की इंग्रजीच बोलायचं. दुसरा एक जरी शब्द निघाला की शिट्टी. पहिल्याच आठवड्यात मला वर्गाच्या उंबऱ्याला ठेच लागली आणि तोंडून "आई गं" गेलं. लगेच शिट्टी वाजली. बाई व्हरांड्याच्या त्या टोकाकडून धावत आल्या. अंगठा पाहिला, रक्त पाहिलं, आणि असं लागल्यावर इंग्रजीत काय ओरडायचं ते तीन वेळा स्वतः ओरडून दाखवलं. मग माझ्याकडून म्हणवून घेतलं. वहिनी, मी म्हटलं. अगदी बरोबर म्हटलं. पण त्याने काडीचा आराम पडला नाही. चौदा वर्षं आपल्या गावात इंग्रजी शिकवली, पण ठेच मला अजून मराठीतच लागते, त्याला मी काय करणार?

बरं, संध्याकाळी खोलीवर येऊन पोटभर मराठी बोलावं म्हटलं, तर माझी खोली त्याच इमारतीत, वर्गाच्या बरोबर डोक्यावर. म्हणजे नियम तिथेही लागू. एकदा आंघोळ करताना चुकून शुभंकरोती म्हणायला लागलो, तर खालून शिट्टी ऐकू आली. त्या दिवसापासून मी रोज साडेपाचला कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसतो. बस पकडायची नसते. तिथे बसून मी स्वतःशी मराठीत बोलतो. पहिले दोन-चार दिवस लोक जरा लांब उभे राहिले. मग एक आजोबा शेजारी बसायला लागले. त्यांना इंग्रजी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, आणि मराठी तर त्यांनी कधी ऐकलेलीही नसणार. पण बसून ऐकतात. तुमच्या कंबरेचं सगळं मी त्यांना सांगितलंय. दादाने गॅसच्या सिलिंडरवर उभं राहून बल्ब बदलला होता ते सांगितलं, तेव्हा मी हसलो म्हणून तेही हसले, आणि मग बराच वेळ त्यांनी मला काहीतरी सांगितलं. मी मान डोलावली. फार दुःखाचं होतं की विनोदी, देव जाणे. सव्वासहाला त्यांची बस येते. चढताना ते माझ्या खांद्यावर थोपटतात आणि मी "या हं" म्हणतो. दिवसभरातलं माझं खरं बोलणं तेवढंच.

तरी मी लिहितो पुष्कळ. रोज संध्याकाळी शिक्षकाने दिवसाचा अहवाल भरायचा असतो. किती धडे, किती चुका, किती जण हसले (हो, तोही रकाना आहे). शिट्टीबाई तो शब्द न शब्द वाचतात आणि हिरव्या शाईने शेरे मारतात. शेवटी "इतर" नावाचा रकाना असतो, तो कुणी भरत नाही. मी एकदा गंमत म्हणून लिहिलं, "आज वर्गाबाहेर कोणाशीच बोलणं झालं नाही." (आजोबा त्या दिवशी आले नव्हते.) सकाळी हिरव्या शाईत उत्तर: "किती तास? आकडा लिहा." मी नीट मोजलं. एकोणीस भरले. "एकोणीस" लिहिलं. त्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. खोटं कशाला बोलू, वहिनी, तेव्हापासून मी तो रकाना रोज भरतो. नळ कसा गळतो, गादीची कुठली बाजू बसली आहे, घरून पत्र आलं की नाही. "पत्र नाही" लिहिलं की त्या त्याखाली रेघ मारतात. मध्ये त्या आठ दिवस बाहेरगावी गेल्या तेव्हा सगळे मास्तर व्हरांड्यात मोकळे हुंदडले, आणि मी रोज अहवाल लिहून बिनशेऱ्याचाच परत आणत होतो. माझं लिहिलेलं रोज वाचणारं माणूस जगात सध्या तेवढं एकच आहे, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी आहे.

आता मुख्य हकीकत. आमच्या पुस्तकाचा चौदावा धडा "नम्र नकार" असा आहे. आमंत्रण न दुखावता कसं नाकारायचं, याची त्यात पाच वाक्यं दिली आहेत. पुस्तक बाईंनी स्वतःच लिहिलंय, आणि त्यातलं अक्षरसुद्धा बदलायचं नाही असा हुकूम आहे. मी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही, तरी तो धडा मी काय शिकवला म्हणून सांगू! सकाळच्या वर्गात अकरा जण आहेत. त्यांत एक दातांचे डॉक्टर, दोघी बँकेतल्या, एक शिंपीणबाई, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक गप्प माणूस, ज्याने चार महिन्यांत हजेरीखेरीज तोंड उघडलेलं नव्हतं. आठवडाभर मी त्यांना आमंत्रणं दिली आणि त्यांनी मला नकार दिले. सगळ्यांना पाचवं वाक्य फार आवडलं. त्याचा अर्थ असा: "आपण बोलावलंत, फार आभारी आहे, पण घरी माझी वाट पाहत आहेत."

शनिवारी शिट्टीबाई वर्गात आल्या. संस्थेच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचा होता, तेव्हा उद्या रविवारी सकाळी सातला सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घालून यायचं. म्हणाल्या, "आमंत्रण आहे!" (त्या हुकमालाच आमंत्रण म्हणतात.) मग दातांचे डॉक्टर उभे राहिले आणि स्वच्छ, न अडखळता म्हणाले की आपण बोलावलंत, फार आभारी आहे, पण घरी माझी वाट पाहत आहेत. मग बँकेतली पहिली उठली, मग दुसरी. शिंपीणबाईंनी तर शेवटी मान किंचित लववली, ते मी शिकवलंही नव्हतं. दहा जण झाले. बाईंचा हात शिट्टीकडे गेला, पण वाजवणार कशी? सगळं इंग्रजीत होतं, आणि वाक्य त्यांचंच होतं. शेवटी लिफ्टवाला उठला. खुर्चीची पाठ घट्ट धरून त्याने अख्खं वाक्य म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्ग सुटल्यावर मी त्याला बाजूला घेऊन शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही, सर," तो म्हणाला. "पण वाक्य चांगलं आहे."

दुपारी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आता नोकरी गेली, असं धरूनच मी चाललो होतो. (खरं सांगू? जिना उतरताना मनातल्या मनात बॅगही भरून झाली होती. तुमच्यासाठी घेतलेली शाल सगळ्यात वर.) बाई उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाल्या की अठरा वर्षांत हा धडा कुणाच्या तोंडी इतका बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. असा शिक्षक सोडायचा नाही. आणखी दोन वर्षांचा करार टेबलावर तयारच होता, हिरव्या शाईचं पेनही उघडून ठेवलेलं.

वहिनी, अकरा जणांना जे शिकवलं ते मला स्वतःला एकदा म्हणायचं होतं. पाचवं वाक्य, बस. "आपण बोलावलंत, फार आभारी आहे," इथपर्यंत मी आलो. ते अगदी छान म्हटलं. पुढचं अर्धं ओठांवर होतं आणि नेमकी धाकटीच्या चित्रातली ती बाणाची रेघ डोळ्यांपुढे आली. मी तिथेच थांबलो. त्यांना वाटलं, माणसाने नुसते आभारच मानले. खूश झाल्या.

सही मात्र मी अजून केलेली नाही. पेनाची शाई हाताला लागली असं सांगून बाहेर आलो. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

असो. पत्र लांबलं. दादाला साष्टांग नमस्कार (हाही उभ्यानेच), थोरलीला सांगा की टेबलाच्या डाव्या बाजूचा खण ओढताना जरा वर उचलायचा, दोन्ही मुलींना पोटभर आशीर्वाद, आणि तुम्ही कंबरेला शेक घेत जा. उगाच वजन उचलू नका.

आपला,
नाही म्हणता न येणारा
धाकटा दीर

ता. क. शिट्टीबाईंबद्दल मी जरा जास्तच लिहिलं. मध्ये मला ताप आला होता. त्यांनी दारात उभं राहून तीन शिट्ट्या मारल्या आणि गेल्या. दार उघडलं तर बाहेर गरम पाण्याची पिशवी, आणि ती मिळाल्याची पोच देण्याचा फॉर्म. बाई वाईट नाहीत. दादाला पत्र वाचून दाखवताना हे जरूर दाखवा.

ता. क. २. हे मात्र दादाला दाखवू नका. करार नाकारायचा तर कारण लागतं, आणि कारणाला अर्थातच कागद. मी विचारून घेतलंय. घरच्या कोणीतरी "यांची घरी गरज आहे" असं स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पाठवलं तर बाई सोडतील. मूळ कागदच लागतो. फोटो चालत नाही. टपालाला जायला बारा, यायला बारा दिवस धरा, म्हणजे हे पत्र पोचेल त्याच दिवशी तुम्हाला लिहावं लागेल. दोन ओळी पुरे. खरंच गरज असली पाहिजे असं काही नाही. माझी खोली थोरलीकडेच राहू दे, मी ओसरीवर झोपेन. कॉट माळ्यावरून मी स्वतः काढीन. तुम्ही त्या कंबरेने हात लावू नका.

ता. क. ३. इंग्रजीत लिहायची चिंता करू नका. बाई कागदावरची सही तेवढी पाहून फाइलला लावतात. त्यांना मराठीचा एक शब्द वाचता येत नाही, तेव्हा तुम्ही काय लिहिलंत ते त्यांना कधीच कळणार नाही.

मला मात्र मराठी वाचता येतं. तेवढं लक्षात ठेवून लिहा.