यंदा येळवशीला नक्की

१ जानेवारी २०२५, सकाळ
नवं कॅलेंडर भिंतीवर. परवा, मार्गशीर्ष अमावास्येला, सासरी मंगळवेढ्याला येळवस झाली. सगळा गोतावळा ज्वारीच्या रानात जेवायला आणि मी संस्थेच्या ऑफिसात. लग्नापासून एकदाही जमलेलं नाही. बायको, श्रीदेवी, माझ्याशी कामापुरतं बोलते, तेही लेकीकडे, अक्षताकडे बघून. शब्द दिला : यंदा येळवशीला नक्की. वर्षभराच्या सुट्ट्या आणि रजांचं प्लॅनिंग आजपासून माझ्याकडे. या कामात सोलापुरात माझा हात धरणारा कुणी नाही.

६ जानेवारी
साहेब रत्नागिरीचे. त्यांना येळवस समजावून दिली. रानात कडब्याची खोप, पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे. (मला दर वर्षी डब्यातूनच मिळते, हे सांगायची गरज वाटली नाही.) म्हटलं, पुढच्या येळवशीला सगळं ऑफिस घेऊन या, आमच्या मामांचंच रान आहे! मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, नंबरही दिला. कोण जातंय एवढ्या लांब? इंप्रेशन मात्र चांगलं पडलं.

२६ जानेवारी
प्रजासत्ताक दिन. रविवारी! झेंडावंदन, जिलेबी, झोप.

१४ मार्च, धुळवड
शुक्रवार. उद्या रजा टाकली, सलग तीन दिवस. प्लॅन : विजापूर, गोलघुमट. दुपारपर्यंत गल्लीतल्या पोरांनी मला हिरवा केला आणि टाकीतलं पाणी संपवलं. नळाला पुन्हा पाणी कधी, देव जाणे. अशा तोंडानं ऐतिहासिक वास्तू बघू नये.

६ एप्रिल
पाडवा रविवारी झाला, आज रामनवमीही रविवारी. यामागे कुणाचा तरी हात आहे.

११ एप्रिल
मास्टरस्ट्रोक! काल महावीर जयंती, सोमवारी आंबेडकर जयंती. मधे आज आणि उद्या रजा टाकली. पाच दिवस. हंपी!

१४ एप्रिल
हंपीच्या गाड्या फुल्ल. माझी आयडिया लोकांनी चोरली. वेळ वाया जायला नको म्हणून कूलर दुरुस्तीला घेतला. शुक्रवारपासून उघडाच आहे. ऊन मरणाचं. शेजारच्या बुद्धप्रियाताईंनी जयंतीची खीर आणून दिली. त्यांच्याकडे सकाळपासून पाहुणे, निळे झेंडे, हसणं-खिदळणं. एकाच दिवसात सगळं उरकतात. प्लॅनिंग नसलं की असं होतं.

१५ ऑगस्ट
सकाळपासून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छा. तोच तिरंगा नऊ जणांनी पाठवला. नागपंचमीला तोच नाग होता. ग्रुप कायमचा म्यूट. कामाचं काही असलं तर लोक माझ्याकडे येतीलच.

३ ऑक्टोबर
काल दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. आख्खी सुट्टी बुडाली! भरपाई म्हणून आज रजा टाकली. कूलर जोडायचा होता. आता थंडी येईल, घाई नाही.

२४ ऑक्टोबर
काल भाऊबीज. आज पोट. रजा. श्रीदेवीनं विचारलं, "येळवशीला एक ठिवलीया न्हवं?" म्हटलं, तिला अजून दोन महिने आहेत. शिवाय कॅलेंडरात ती तारीख लाल कुठे आहे?

१८ डिसेंबर, संध्याकाळ
उद्या येळवस. शिल्लक रजा : शून्य. श्रीदेवी म्हणाली, "सायबास्नी इचारून तर बगा की." विचारणं माझ्या स्वभावात नाही. आणि माझ्याशिवाय ऑफिस एक दिवस चालणार नाही, हे तिला समजावलं. तिनं पिशवी भरली. दोघी सहाच्या एसटीनं गेल्या. अक्षतानं दारातून विचारलं, पप्पा, आजोबांना काय सांगू? म्हटलं, काम आहे म्हण. वाईट वाटलं.

१९ डिसेंबर, सकाळी साडेदहा
ऑफिसला कुलूप. वॉचमन कल्लप्पा उन्हाला बसलेला. म्हणाला, "आज सुट्टी हाय की! सायबांनी मंगळवारीच ग्रुपवर टाकलंय. समदी येळवशीला गेल्यात." सुट्टी. आणि मला माहीत नाही. मला!

दुपार
पायरीवर बसून डबा खाल्ला. मामांना फोन केला. आवाज थकलेला ठेवला. म्हटलं, यायचं फार मनात होतं, पण साहेब सोडतच नाहीत, आत्ता समोरच बसलेत. मामा म्हणाले, "जावईबापू, तुमचं सायेब हितं माज्या शेजारी बसल्यात की. तिसऱ्यांदा भज्जी घेत्यात. देऊ का फोन?" मागे सगळं ऑफिस हसलं. श्रीदेवीचं हसू ऐकू आलं नाही. अक्षता फोनवर आली. म्हणाली, आईनं तुमचं ताट झाकून ठेवलंय, या ना. स्टँडवर गेलो. मंगळवेढ्याची गाडी उभी होती. खोपीत बसलेलं ऑफिस डोळ्यासमोर आलं. घरी आलो.

२० डिसेंबर
दोघी परतल्या. श्रीदेवीनं दर वर्षीसारखा भज्जीचा डबा पुढे ठेवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. गार भज्जी खाता खाता मनापासून म्हटलं, जे झालं ते झालं, पुढच्या वर्षी येळवशीला नक्की. ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वर्सी येळवसच न्हाय. अधिक म्हैना आलाय. आता एकदम सत्तावीसच्या जानेवारीत."

रात्री २०२६ चं कॅलेंडर आणलं. बाराही पानं दोनदा बघितली. खरंच नाही. आख्खं वर्ष तिला शब्द द्यायलाही जागा नाही.