ओळखीच्या नावाने

४ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन बंद पडला म्हणून पेन हाती घेतलं. अक्षर पूर्वीसारखंच कोंबडीचे पाय आहे, गोड मानून घे.

गुरुवारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्ली कानशीने घासत होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर तुझं नाव. पाच वर्षांनी! ‘तुझा एक जुना फोटो सापडला, बघून डोळे भरून आले, इथे दाब.’ किल्ली तशीच पकडीत राहिली. दाबलं, तर फोन म्हणतो, हे अॅप बाहेरून आलंय, धोका असू शकतो, तरी घ्यायचं का? म्हटलं, बाहेरून कसलं, बहिणीकडून आलंय. मग नंबर बघू का, मेसेज पाठवू का, असं काय काय विचारलं. सगळ्याला हो म्हटलं. मी! ज्याचा जन्म लोकांना सांगण्यात गेला की कोण आहे ते विचारल्याशिवाय कडी काढू नका.

फोटो काही दिसला नाही. फोन तापला, अडकला आणि मग मेलाच. पण फोटो कुठला ते मी ताडलंय. आपण पायरीवर बसलोय, मध्ये आई, आणि तू पळून जाऊ नयेस म्हणून तुझी वेणी तिच्या मुठीत. तोच ना? पोस्टाने पाठव. मिरीचं उत्तर आलं का म्हणून तुझी वहिनी सकाळपासून विचारतेय. अगं, माझं पत्र तरी पाकिटात जाऊ दे, म्हटलं.

तू आधी लिहिलंस हे फार बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं. लोभ होताच, आता तो बोलताही राहू दे.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय, त्याला आता बेकरीचा वास लागलाय. गप्प बसावं असं फार वाटलं. पण तुझ्याशी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, ते तुला पत्रातूनही दिसले असते.

दादा, तो मेसेज मी लिहिला नव्हता.

केकवर लोकांचे फोटो छापायला एक अॅप हवं होतं. फोनच्या अधिकृत स्टोअरमध्ये होतं, पण ते दर महिन्याला पैसे मागत होतं. कुणीतरी ग्रुपवर त्याचीच फुकट फाईल टाकली. फोनने मलाही बजावलं, पण घाई नडली. आतून ते भलतंच निघालं. माझ्याकडच्या प्रत्येक नंबरला तेच वाक्य गेलं. दाताच्या डॉक्टरांना गेलं, घरमालकिणीला गेलं, मैदा पुरवणाऱ्या विधुर काकांनाही गेलं. काका दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हळूच विचारू लागले, कुठला हो फोटो? माझी पळता भुई थोडी झाली.

फोन दुरुस्त करणारी म्हणाली, अॅप नुसतं काढून भागत नाही. फोन पूर्ण पुसून घ्या, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि मेसेज ज्यांना गेला त्या सगळ्यांना सांगा. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मी सगळ्यांना फोन केले. तुझ्या नावापाशी आले आणि हात थांबला. तू थोडाच माझं काही उघडणार आहेस, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे कुठल्या तोंडाने बोलू, तेच कळेना. आता तू तरी हे सगळं आजच करून घे, तुझ्या गिऱ्हाइकांचे नंबर त्या फोनमध्ये आहेत.

तसा फोटो माझ्याकडे नाही. वेणी ओढलेली आठवते. आधी मी नाही लिहिलं, दादा, तू लिहिलंस. रागाव, पण पुन्हा गप्प होऊ नकोस. लोभावर हक्क सांगत नाही, मागतेय.

तुझी,
मिरी

१३ फेब्रुवारी

चि. मिरीस,
आशीर्वाद.

फोन दाखवला, पण उशीर झाला होता. पडदा काळा असला तरी आतून तो चालूच होता म्हणे, आणि त्या शनिवारीच माझ्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेलाय. लोक बाहेरगावी जाताना घराची जादा किल्ली माझ्याकडे ठेवतात, तुला ठाऊक आहे. मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात. आता एकेक जण येतो, नजर चुकवतो आणि आपली किल्ली मागून नेतो. शाळेतल्या बाईंनीही नेली. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. भिंत अर्धी रिकामी झालीय. याच विश्वासावर तर दुकान चालतं माझं.

फसवलं तुलाही, ते कळतं मला. पण मैदेवाल्याला फोन केलास आणि भावापाशी हात थांबला? शुक्रवारी वहिनीच्या फोनवर कळवलं असतंस तर शनिवार टळला असता.

आईला तुला न विचारता नेलं, ते माझं चुकलंच. तू बाहेरून कुलूप लावून कामावर जायचीस आणि ती दिवसभर खिडकीत बसायची. एकदा फोनवर रडली, तसा मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि तिला घेऊन आलो. पण तू दुसरा माणूस बोलावून कुलूप बदललंस. कुलूपवाल्याच्या बहिणीने! आई गेली त्या दिवशीही आपण शेजारी उभे राहून एकमेकांशी बोललो नाही. परवा वाटलं होतं, तू दार किलकिलं केलंस. ते दारच नव्हतं.

कळावे.

दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीकडून मी तुझ्या गिऱ्हाइकांचे नंबर घेतले. तिला ओरडू नकोस. तू जेवत नाहीस म्हणाली.

बेकरी सुटली की एकेकाला फोन लावते. सांगते, मी त्यांची बहीण. चूक माझी आहे. माझं नाव बघून ते फसले, पण तुमच्या किल्लीला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला का, ते तुम्हीच आठवा. दोघांनी मला नवी भामटी समजून फोन आपटला. वाईट वाटलं, आणि त्यांना शाबासकीही द्यावीशी वाटली. शाळेतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशीचं तुला कधी सांगितलंच नाही. घरी आले तर कुलूप जागच्या जागी आणि आत आई नाही. न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली, हाताला क्रीम तसंच आणि मी अनवाणी रस्त्यावर. तुझा फोन संध्याकाळी आला. कुलूप मी रागाने नाही बदललं दादा, भीतीने बदललं. रागाचं नंतर सुचलं.

सोबत नव्या कुलपाची किल्ली आहे. या वेळी खरंच मी पाठवलीय. खात्री हवी तर दोरा बघ. केकच्या खोक्याला अशी गाठ आमच्या बेकरीत माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, आणि मला ती आईने शिकवलीय. लोभाचं तू ठरव.

तुझी,
मिरी

२३ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अ. उ. आ.

गाठ ओळखली. वहिनी कात्री घेऊन आली होती, कापू दिली नाही. नखाने सोडवली.

काल शाळेतल्या बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, कुणा बाईचा फोन आला होता, तुमची बहीण म्हणवते. आता फोनवरच्या कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून समोर येऊन विचारते, खरी आहे का? म्हटलं, खरी आहे. तेवढं बोलून खोकत बसलो. लोखंडाचा कीस घशात गेला असं सांगितलं. त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवली. बाकीचे अजून आले नाहीत. येतील किंवा नाही येणार.

आता तुझी किल्ली. ही बघूनच सांगतो, कुलूप भिकार आहे. केसाच्या पिनेने उघडेल. त्या माणसाने तुला चक्क गंडवलंय आणि तू पाच वर्षं त्याच्या भरवशावर झोपतेस! रविवारी चांगलं कुलूप घेऊन येतो. वहिनीही येतेय. फोटो नाही ना तुझ्याकडे, मग तेव्हा काढू. पायरी कुठलीही चालेल.

किल्ली माझ्या खिशात असेल, पण दार मी उघडणार नाही. बेल वाजवीन. तू आतून विचार, कोण आहे. मी दादा म्हटलं तरी लगेच कडी काढू नकोस, आवाज काय, कुणीही काढतं. दाराच्या भिंगातून नीट बघ. केस पिकलेत, चष्मा लागलाय, पटकन ओळखू येणार नाही. हवा तेवढा वेळ घे, मी उभा आहे. पटलं की मगच उघड.

तुझाच,
दादा