तातडीची गरज, एका शब्दात

१२ जानेवारी २०२६, सोमवार

झालं! पडलं माझ्याच गळ्यात. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबले. 'नमिता मॅडम, तुम्ही मराठीच्या. तुम्हाला लोकांशी बोलता येतं.' म्हणजे बाकीच्यांना येत नाही?

विद्यापीठाचा पंचवार्षिक धोरणात्मक आराखडा — 'समाजाभिमुख विद्यापीठ'. नव्वद गुळगुळीत पानं, चार स्तंभ, बारा उद्दिष्टं. प्रत्येक कॉलेजने एक गाव दत्तक घ्यायचं, घरोघरी जाऊन गरजा विचारायच्या, विद्यापीठाला कळवायच्या. आमच्या वाट्याला वडखळहून आत, धरमतरच्या खाडीकाठचं एक गाव आलंय. समन्वयक — मी.

धनेश म्हणाला, 'रोज रोहा-पेण एसटीने हाडं खिळखिळी होतात ती कमी पडत होती वाटतं.' नवरा असावा तर असा!

पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलंय. अठरा वर्षं वर्गात संधी-समास सोडवले. एखादं तरी काम कुणाच्या उपयोगी पडावं.

१८ जानेवारी, रविवार

आठ विद्यार्थी घेऊन गावात गेले. बासष्ट घरं. पहिल्याच घरात बायजाबाई भेटल्या — साठीच्या, नवरा नाही, पण गावात शब्दाला वजन. फॉर्म बघितलासुद्धा नाही त्यांनी. 'लिवायचं मंग लिव. आदी इकरं ये गो मॅडम.' हात धरून थेट बांधावर.

खाडीचं पाणी भरतीला शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. दिवाळीच्या उधाणात त्याला भगदाड पडलंय, माणूस आडवा झोपेल एवढं. त्याला इथे 'खांड' म्हणतात. अठरा वर्षं मराठी शिकवते आणि हा शब्द मला आज कळला!

आज अमावस्या, म्हणून मोठी भरती. पाणी खांडीतून आत येत होतं, अगदी शांतपणे. बायजाबाईंचे दीर कान्हूभाऊ शेजारी उभे होते. जन्म मिठागरात गेलेला, पाणी बघून तिथी सांगणारा माणूस. म्हणाले, 'आता दोन शेतां गेली. होलीच्या उधानाला ही खांड घराएवडी व्हईल. मंग तल्यात खारं पानी. तीन वरसा भात नाय.'

तळं म्हणजे गावाचं गोडं पाणी. नळाला आठवड्यातून एकदा येतं तेवढंच.

पण खांड बुजवायची यांची रीत आहे. जोळ म्हणतात. ज्यांची शेती बांधाआड, त्या प्रत्येक घरातून एक माणूस. भरतीचा जोर कमी असतो त्या दिवसांना भांग म्हणतात, तेव्हा चार दिवस सगळ्यांनी मिळून चिखल टाकायचा. या वेळी फाल्गुनातल्या अष्टमीचा भांग ठरलाय. बायजाबाईंचा मुलगा प्रविण रोह्यात कंपनीत आहे. त्याने आणि आणखी चौदा जणांनी आतापासून रजा टाकल्यात.

फॉर्मचा शेवटचा रकाना — 'सर्वांत तातडीची गरज (एका शब्दात लिहा)'. बासष्ट घरांनी एकच शब्द सांगितला. खांड. लिहिताना अंगावर काटा आला.

२० जानेवारी, मंगळवार

पोर्टलवर मराठी चालत नाही म्हणे! समाजाभिमुख!! बसले घरी फोन आणि लॅपटॉप घेऊन. बासष्ट फॉर्म दीड तासात उरकले. स्वतःचीच पाठ थोपटली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेल आला! उतरवूनच ठेवते — 'आपल्या दत्तक गावाची तातडीची गरज प्राधान्य यादीत निवडण्यात आली आहे. २४ फेब्रुवारी रोजी तज्ज्ञ पथक गावात दाखल होईल. सर्व लाभार्थींनी उपस्थित राहावे.'

निवडली गेली! प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवायला लावल्या. आणि २४ म्हणजे कान्हूभाऊंची अष्टमीच की! मला नाचावंसं वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

गावात जाऊन सांगितलं. देवळापुढे सगळे जमले होते. म्हटलं, जोळ नका करू या खेपेला, विद्यापीठाचे तज्ज्ञ येतायत. उगाच अर्धं काम करून ठेवाल आणि ते म्हणतील, आता आमची काय गरज?

प्रविणने विचारलं, 'पोकलेन येल ना, मॅडम?'

मी म्हटलं, 'येणारच.'

कशाच्या जोरावर म्हटलं मी? मेलमध्ये पोकलेनचा 'पो' नव्हता. पण इतकी माणसं तोंडाकडे बघत होती.

कान्हूभाऊ पुटपुटले, 'भांग कुनासाठी थांबत नाय.' बायजाबाईंनी त्यांना तिथेच गप्प केलं. 'भावजी, मॅडम शिकलेली हाय. ती काय खोटं सांगनार?'

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रविणचा फोन. पंधरा जणांनी रजा मागे घेतल्या, शिफ्ट परत लागल्या. 'तुमच्या भरवशावर, मॅडम,' हसत म्हणाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहवत नाही.

सकाळी दहाला गाडी आली. पांढरी व्हॅन. मी वेड्यासारखी मागे बघत राहिले, मशीन मागून येत असेल म्हणून. व्हॅनमधून टेबलं उतरली, बॅनर उतरला. 'मधुमेहमुक्त गाव अभियान.'

डॉक्टर सुरभी — पोरगी चांगली आहे, तिचा काय दोष — माइकवर म्हणाली, 'तुमच्या गावाने साखर ही सर्वांत तातडीची गरज नोंदवली. बासष्टपैकी बासष्ट घरांनी! आम्हालासुद्धा धक्का बसला.'

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कान्हूभाऊ हसायला लागले. 'आरं, खांड म्हंजे साकर! आपली खांड गोड झाली रं!' दोघं-तिघं हसले. मग कुणीच हसेना.

खांड म्हणजे साखर. हो, तीही खांडच. विद्यापीठात बसलेल्या कुणा शहाण्याने तेवढीच वाचली!

मी बोलावलं होतं म्हणून सगळे रांगेत उभे राहिले. मला हेच सहन होत नाही — मी बोलावलं म्हणून. एकेकाचं बोट टोचलं. बायजाबाई बोटाला कापूस दाबून माझ्यापाशी आल्या. 'साकर बरी हाय माजी, एकशेचार. आता खांड कवा?'

पलीकडे खाडी ओसरली होती. खांड कोरडी ठणठणीत. काम करायला याहून चांगला दिवस नव्हता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गावात होते त्यांनी आज चिखल टाकायला सुरुवात केली. एकोणीस माणसं, त्यांत निम्म्या म्हाताऱ्या. कंपन्यांनी परत रजा दिल्या नाहीत.

मी दिवसभर विद्यापीठाला फोन केले. एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा सभ्य होता. 'मॅडम, तुमचं गाव आरोग्य स्तंभाखाली पूर्ण झालंय. बांध पर्यावरण स्तंभात येतो. पुढच्या फेरीत मागणी नोंदवा.' फेरी कधी? 'जानेवारीत.'

ओरडले मी त्याच्यावर. 'एसीत बसून भाषांतर करता, आणि माणसांची शेतं जातात!' त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेखी तक्रारीला उत्तर आलं — 'माहिती महाविद्यालयाकडून जशी प्राप्त झाली तशीच वापरण्यात आली आहे.' खोटारडे!

४ मार्च, बुधवार

गेला बांध.

काल पौर्णिमेच्या भरतीला नव्याने टाकलेली माती आधी गेली, तिच्यामागोमाग दोन्ही बाजूंचा जुना बांध. प्रविणने व्हिडिओ पाठवला. कुणी ओरडत नाही त्यात. नुसता पाण्याचा आवाज.

संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर गेले. बायजाबाईंनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकल्या. मी रडायला लागले तर मलाच जवळ घेतलं! 'तू काय करशील गो बाय? तू बरोबर लिवलंस. वाचनारा आंधला निंगला.'

कान्हूभाऊ लांब उभे होते. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

९ मार्च, सोमवार

आराखड्याचं वार्षिक बुलेटिन आलंय. आमचं गाव पान सातवर. 'शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती.' प्राचार्यांनी नोटीस बोर्डवर लावलंय आणि मला म्हणाले, 'झालं गेलं विसरा, मॅडम. कॉलेजचं नाव झालं.'

लायब्ररीत जाऊन आमच्या ग्रंथपाल एस्थरबाईंपुढे बसले. बांध गेल्यापासून सगळं साठलं होतं. घडाघडा बोलले. विद्यापीठाला कोर्टात खेचते म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'नमिता, तू पाठवलेली यादी परत उघडून बघितलीस का? कोर्टात आधी तीच मागतील.'

'मी खांडच लिहिलंय!'

'फॉर्मवर ना? मग पोर्टलवर?'

मला त्यांचा रागच आला.

१० मार्च, मंगळवार

यादी उघडली. शेवटचा रकाना इंग्रजीत. शुगर, शुगर, शुगर — बासष्ट ओळी. त्या दिवशी 'खांड'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मी फोनला विचारलं होतं. त्याने जे दिलं ते पहिल्या ओळीत टाकलं, आणि खाली ओढत नेलं. वाचलंही नाही.

खाली लिहिलंय — माहिती तपासून पाठवणार : माझं नाव.

मघाशी प्रविण शिफ्टवरून जाताना कडव्या वालांची पिशवी देऊन गेला. पाणी शिरायच्या आधी काढलेले. 'आयेनं दिल्यान, मॅडमला द्ये म्हनली.' मी घेतली. यादीचं त्याला सांगितलं नाही.