नकाशातली पडीक जागा

३ फेब्रु.
अप्पा एकदा म्हणाले होते, "जुने दगड बोलत नाहीत, आपण बोलायचं." माझे वडील, शाळामास्तर, तसंच बोलायचे. आज नगरला हरकतीच्या सुनावणीत तेच मनात. गावच्या हेमाडपंती देवळाला खेटून रस्ता रुंद करणार. खांब आधीच कललेत. साहेब म्हणाले, "बाई, पर्याय सांगा." मी नकाशावर पेन्सिल टेकवली. कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेरून. पडीकच आहे म्हटलं.

१९ फेब्रु.
भाऊचा गावाहून फोन. "ताई, जितलीस! रस्ता वळवला. रविवारी ये, पंचायत शाल देतीय." दिवसभर हलकं हलकं.

रविवार
शाल, नारळ. मीही बोलले, बरंच लांबवलं. रशिदाचाची दिसली नाही. आमची शेजारीण, आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनंच घातल्या. तिच्या घरी गेले. चहा दिला, मग म्हणाली, "चल, तुजा रस्ता दाखिवते."
कुंपणाबाहेर मातीचे उंचवटे. प्रत्येकाच्या उशाशी एक साधा धोंडा. आत जागा उरली नाही म्हणून अलीकडे बाहेर पुरतात. रस्त्याच्या आखणीची पांढरी फक्की चाचांवरून सरळ गेलेली.
"हे तुजे चाचा. वळखू न्हाई आले? नक्षी न्हाई ना त्यांच्यावर."
हसली. मी शाल दुमडत राहिले. दुमडलेलीच होती.

सोमवार
चाचा गेले तेव्हा आले होते मी. बायकांत बसले, रडले, संध्याकाळच्या एसटीनं परत. कुठे पुरलं, विचारलंही नाही. देवळाचा एकेक खांब मात्र हातानं चाचपलाय.
साहेबांना फोन केला. "मॅडम, पर्याय तुमचाच ना? मग रस्ता परत देवळाकडनंच जाईल. चालेल?"
बघते म्हणाले. बघते! चालेल म्हणायला तोंड उघडेना. चाचीचा चहा पोटात असताना.

२ मार्च
चाचीचा सलीम उद्या तिला घेऊन नगरला हरकत द्यायला जाणार. भाऊ चिडलाय. "त्यांच्या बाजूनं उभी राहिलीस तर देऊळ गेलं समज. सत्कार कशाला घेतलास मग?" खांब डोळ्यांसमोरून हलत नाहीत. फक्कीही.
दुपारी गावी जाऊन सलीमला गाठलं. जागा पडीक नव्हती, मी न बघता बोलले, हे साहेबांपुढे मला सांगू दे म्हटलं. तो म्हणाला, "ताई, तुमी लई बोल्लात आमच्याबद्दल. आता ऱ्हाऊ द्या." पुढं म्हणाला, अम्मीला विचारा.
अम्मी काय म्हणणार ते माहीत आहे. तरी सकाळी त्यांची गाडी निघायच्या आधी दारात जाऊन म्हणणार आहे : चाची, मला बरोबर नेशील?