वहीतली चौथी ओळ

मी, कारभारी पुंजाराम खरात, वय ५३ वर्षे, धंदा टीव्ही-मोबाइल दुरुस्ती, राहणार मस्तगड, जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आज डोकं ठिकाणावर आहे, म्हणून आजच लिहितो. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी शालू हिला, तिच्या पश्चात मुलगी राजनंदिनी हिला. मोरीचा नळ वीस वर्षं दुरुस्त करायचा राहिला. दुनियेचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही. शालू, माफ कर.

२. दुकानातली सगळी हत्यारं शेजारच्या नागसेनला. मल्टिमीटर त्याने २०१९ सालीच नेला आहे, तोही आता त्याचाच समजावा.

३. मेव्हणे सर्जेराव यांना बटण तुटलेला एक रिमोट द्यावा. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते मोठ्याने म्हणाले होते, "आमचे दाजी बटनं दाबून पोट भरून राह्यलेत." मी विसरलेलो नाही.

४. तेव्हा मस्तगडला मी आणि बदरोद्दीन शेख मिळून व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचो. एकदा मालाच्या खोक्यात एक जपानी सीडी आली. तलवारी, जादू, किल्ले, आणि चौकटींवर बुद्धिबळासारखी एकेक चाल. अक्षर एक कळेना. मग मी वही केली: पडद्यावरच्या यादीतली पहिली ओळ हल्ला, दुसरी औषध, असं एकेक करून पाहत लिहिलं. काही ओळी मात्र अंदाजाने लिहिल्या. चौथीपुढे "विश्रांती" लिहिलं. सैनिकांना आम्ही घरातली नावं दिली. जखमा बऱ्या करणारी पांढऱ्या झग्यातली बाई म्हणजे झुंबरबाई, माझी काढा पाजणारी आजी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं खेळायचो. आयुष्यात इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही, हे शालूसमोर लिहितो.

२००१ साली मी एक दिवस गावाला गेलो. परत आलो तर झुंबरबाई पथकात नव्हती, आणि बदरने खेळ तसाच सेव्ह केलेला, म्हणजे तिला परत आणायची वाट बंद.

"तुझ्याच वहीत विश्रांतीची चौथी ओळ हाये. मी तीच दाबली," तो म्हणाला.

"माझी वही चुकत न्हाई. तूच काहीतरी गडबड केली."

"मंग तूच खेळ एकटा." तो बदनापूरला गेला. शेवटची लढाई तशीच राहिली. चोवीस वर्षं आम्ही बोललो नाही.

५. मागच्या महिन्यात राजनंदिनीने तोच खेळ इंग्रजीत आणला. यादी तीच, क्रम तोच. चष्मा लावून चौथी ओळ वाचली: पथकातून कायमचं काढून टाका. बदर, वही चुकली होती. मी चुकलो होतो.

६. खेळाचं जुनं यंत्र, तो सेव्ह केलेला खेळ असलेलं मेमरी कार्ड आणि वही बदरोद्दीनला, असं इथे लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वस्तू द्यायची त्याला साक्षीदार करू नका. म्हणून ते खोडलं. या कागदाने बदरला काहीही मिळत नाही. वस्तू मी माझ्या हाताने देईन, तो आला तर. त्याला सांगावा धाडला आहे. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी त्याच्याशिवाय कोणाचीही सही घेणार नाही. तो आला नाही, तर हा कागद रद्दीत घालावा आणि सर्जेरावांनी खुशाल हसावं.

स्थळ: जालना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
लिहून देणार: कारभारी पुंजाराम खरात (सही)

साक्षीदार:
१. राधेश्याम, चहावाले, मस्तगड (सही). यांना काहीच दिलेलं नाही, म्हणून रुसले आहेत.
२. बदरोद्दीन शेख, बदनापूर (सही). सहीखाली त्याच्या हाताने:

"आलो. त्या दिवशी मी वही उघडलीच न्हवती. जल्दीत अंदाजानं दाबलं. नंतर पाह्यलं, तर वहीतबी विश्रांतीला चौथीच ओळ निघाली, मंग तुझ्यावर ढकललं. माफी अर्धी परत घे. सोमवारी दवाखान्यात मी हाये. शेवटची लढाई बाकी हाये आपली."