फोनांची पिशवी माझ्या उशाखाली आहे

अण्णा, सध्या मी कोंडलेली आहे. कोंडलेली म्हणजे अगदी मानानं. गादी, एसी, सकाळी इडली अन् दुपारी दोन भाज्या. लातूरच्या अलीकडं आडरानात एक रिसॉर्ट आहे, तिथं आमच्या बाजूच्या सगळ्या नगरसेवकांना परवापासून ‘सहलीला’ आणलंय. उद्या महापौराची निवड. तोवर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही अन् फोन जवळ ठेवायचा नाही, न जाणो पलीकडच्यांनी आमच्यातला एखादा फोडला तर! अन् खुर्चीवर बसायचंय कुणाला, तर तुमच्या लेकीला. मी नको नको म्हणत होते हो. पण सोडतीत पद बाईसाठी सुटलं अन् सगळे एका सुरात, “साहेबांच्या घरातच शोभतंय.” फोनांची पिशवी सांभाळायलाही मलाच दिली. “ताई, तुमच्या घरातलीच रीत हाय, तुम्हाला काय शिकवायचं?” खाण तशी माती म्हणतात, ते हेच.

दुपारचे तीन वाजलेत. शेजारच्या खोलीत एक पोरगी आहे, पहिल्यांदाच निवडून आलेली, माहेर किनवटकडचं. चार वर्षांची लेक तापानं फणफणलेली, तिला सासूजवळ टाकून आलीय. सकाळपासून दोनदा माझ्या दारात येऊन गेली. “ताई, दोन मिनिटं द्या की फोन. ताप उतरला का, तेवढंच इचारते.” मी म्हणाले, विचारून सांगते. कुणाला विचारणार, अण्णा? पिशवी माझ्याच उशाखाली आहे. ती गेली अन् मी वही काढून तुम्हाला लिहायला बसले. असल्या वेळी विचारावं असे तुम्हीच होतात, अन् तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली.

तुम्ही कंधारकडच्या खेड्यातून मुंबईच्या गोदीत गेलात, जहाजावर चढणारी पोती मोजायचं काम केलंत, अन् परत येऊन नांदेडला स्टेशनामागं ‘शिपिंग’ची पाटी लावलीत. सगळा बाजार हसला. समोरचा पंक्चरवाला रोज विचारायचा, “क्या सेठ, गोदावरी में जहाज लाते क्या?” तुम्ही शर्टाच्या बाह्या सरळ करत म्हणायचात, “लाते नै, भेजते.” अन् खरंच भेजलंत की! इथली हळद, लातूरची डाळ कंटेनरात भरून बंदरावर, तिथून जहाजानं दुबईला. मी बी.कॉम. झाले अन् तुमच्या ऑफिसात बसायला लागले. कंटेनरच्या दाराला सील मारायचं काम तुम्ही मला दिलंत. एकदा सील बसलं की बंदरापर्यंत ते कुणी तोडायचं नाही, देव आला तरी. एकदा एका हमालाचा डबा आतच राहिला. तो हात जोडत राहिला, तुम्ही ऐकलं नाही. घरून त्याला ताट आणून वाढलंत, पण सील तोडलं नाहीत. “गेला बाई माझ्या हातचा ठेचा दुबईला” असं म्हणत त्याची बायको आईजवळ हसली होती, तरी वर्षभर तिच्या डोक्यातून तो डबा गेला नाही.

मालाला हे ठीक होतं. माणसं भरायची वेळ आली तेव्हाही आपण तीच रीत लावली, तिथं आपलं चुकलं. तुम्ही महापौरपदाला उभे राहिलात, एका मताचा फरक, अन् आपली सगळी मंडळी तुम्ही देवीच्या दर्शनाच्या नावानं माहूरला नेलीत. लॉजच्या दारातच मी एकेकाचा फोन पिशवीत टाकून घेतला, अगदी चोख. तुम्ही मला जिन्यात बाजूला घेऊन सांगितलंत, मला तो शब्दन्‌शब्द आठवतो. “घरची कुणाची निकड आली तर फोन द्यायचा. मत गेलं तर जाऊ दे. एवढं डोकं चालव.” हाव, देईन, म्हणाले मी.

नदीकाठच्या वॉर्डातल्या काकू आपल्यात होत्या. लहानपणी माझ्या वेण्या घातलेल्या. त्यांची म्हातारी आई गावाकडं अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत काकूंचा फोन वाजला, ‘भाऊ’ असं नाव दिसत होतं. मी तो हातात घेतला. काकू खाली अंगणात तांदूळ निवडत होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण काकू निघून गेल्या तर एक मत जातं, अन् मला तुम्हाला महापौर झालेलं बघायचं होतं. तुमच्यापेक्षा मलाच जास्त. मी त्या फोनचा आवाज बंद केला. नंतर तो पिशवीत नुसता थरथरत होता, संध्याकाळपर्यंत.

तुम्ही निवडून आलात. गुलालातच मी सगळ्यांचे फोन वाटले. काकू फोन कानाला लावून भिंतीला टेकल्या अन् हळूहळू खाली बसल्या. आई गेली होती, लोकांनी वाट पाहून पाहून सकाळी उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या अंगणात आल्या. घर हार-शालींनी भरलेलं. “मला आईच्या मातीला बी जाता आलं न्हाई. फोन कुणी दाबून ठेवला, एवढंच सांगा.” सगळे माझ्याकडं बघायला लागले अन् माझ्या तोंडून गेलं, “अण्णांनीच सांगितलं होतं, कुणाला द्यायचा नाही म्हणून.” तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. माझ्याकडं एकदाच बघितलंत. मग काकूंना म्हणालात, “हाव. मीच सांगितलं. माझं चुकलं, बाई.”

मला वाटलं होतं, माणसं गेल्यावर तुम्ही माझं थोबाड फोडाल. तुम्ही म्हणालात, “जेवून घे.” बस्स, एवढंच. पण त्यानंतर तुम्ही मला एकाही कंटेनरला सील मारू दिलं नाहीत. मी पक्कड घ्यायला उठले की म्हणायचात, “राहू दे, पोरं करतील.” अन् महापौर म्हणून तरी काय सुख लागलं तुम्हाला? सत्कार, फिती, नारळ. “दुबईला माल धाडला गं, पण एका गल्लीचा नळ हलवता येईना,” म्हणायचात. काकू त्याच सभागृहात समोर बसायच्या अन् तुमच्याकडं बघायच्या नाहीत. तुमच्या मातीला सगळं शहर लोटलं होतं, काकू आल्या नाहीत. मी तेव्हा तरी त्यांच्या दारी जाऊन खरं सांगायचं! नाही गेले. तुमच्या नावावर मी निवडून आले, तुमच्या नावावर उद्या खुर्चीत बसणार, अन् तुमच्या नावाला जो डाग आहे तो माझा आहे. लाज वाटते हो अण्णा. लई लाज वाटते.

इथवर लिहिलं अन् ती पोरगी तिसऱ्यांदा आली. या खेपेला काही मागितलं नाही, चौकटीला धरून नुसती उभी राहिली. मी उठले, पिशवी उपसली, तिचा फोन शोधून तिच्या हातात दिला. तिला रडूच फुटलं. मला वाटलं, झालं, सुटले मी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. तिनं नंबर लावला अन् मी म्हणाले, “स्पीकरवर ठेव.” तिनं मुकाट्यानं ठेवला. सासू म्हणाली, ताप उतरलाय, पेज खाल्ली. मग पोरीचा बारीक आवाज आला, “आई, तू कुठं हायस?” उत्तर द्यायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं. अन् अण्णा, मी मान हलवली, नाही म्हणून.