ग्रोबेनचा पंधरावा ब्रेकवाला

बोगेलुंड,
रविवार, १४ जून

ती. थीराताईस,

धाकट्या आस्गरचा वाकून नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. काठी घेऊन चालतेस की काठी कोपऱ्यात उभी करून डॉक्टरांशी वाद घालतेस, हे मात्र तू लिहिलं नाहीस. त्यावरून जे समजायचं ते समजलो. इकडे तुझी भावजय बोडिल मजेत आहे. स्ट्रॉबेरी यंदा इतकी आली आहे की शेजारी आम्हाला पाहून दार लावून घेतात. माझी तब्येत उत्तम. (मध्ये रक्तदाब वाढला होता. त्याचं कारण पुढे येईल. ते वैद्यकीय नाही.)

तू विचारलं आहेस की निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दर रविवारी पार्कात कशाला कडमडतोस. ताई, तिथे लोक खोटं बोलतात म्हणून जातो. मुद्दाम नव्हे. आपला ग्रोबेन लाकडाचा, नव्वद वर्षांचा, लांडग्याचं नाव लावणारा रोलर कोस्टर. त्याच्या रांगेत पाऊण तास उभं राहिलं की माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि माहिती नसली तर तो ती तयार करतो. एक जण बायकोला सांगतो, हा जर्मनांनी युद्धात बांधला. (छत्तीस साली बांधला. ते आले चाळीसला.) दुसरा म्हणतो, यात एकही खिळा नाही. अरे, हातोड्याने ठेचलेले माझे अंगठे बघ! तिसरी बाई हमखास असते, ती सांगते की तिसऱ्या उतारावर एक नवरी पडून मेली आणि अजून दिसते. नव्वद वर्षांत तिथून पडला तो फक्त एका दातांच्या डॉक्टरचा केसांचा टोप, अठ्ठ्याऐंशी साली, आणि तो मी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून, इतरांना दिसणार नाही अशा बेताने, त्याच्या हाती दिला.

आता मी एक्केचाळीस वर्षं त्या गाडीच्या मधल्या उंच बाकावर बसून ब्रेकचा दांडा ओढलेला माणूस. तो दांडा वेळेवर ओढला नाही तर गाडी वळणावर रूळ सोडेल, हे ज्याला माहीत आहे त्याच्या कानावर असलं काही पडलं तर त्याने गप्प बसायचं? मी नाही बसलो. अगदी नम्रपणे, टोपी काढून, "माफ करा, पण" अशी सुरुवात करून लोकांना दुरुस्त करत आलो. बोडिल तोवर दहा पावलं मागे राहून आपण ओळखीच्या नाही असं दाखवते. तिचं म्हणणं, लोक मजा करायला येतात, परीक्षा द्यायला नाही. माझं म्हणणं, खोटं ऐकून इतकी मजा येते तर खरं ऐकून दुप्पट यावी.

तिने तोडगा काढला. खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचा डबा माझ्या खिशात ठेवला: बोलावंसं वाटलं की एक गोळी तोंडात टाकायची. मी शब्द पाळला. पहिल्या रविवारी दुपारी दोनपर्यंत डबा संपला. (शाळेची सहल आली होती.) तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, "आस्गर, तुम्ही काय खाता?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. आजपासून बंद." "मग खोटं ऐकून घेऊ?" "ऐका किंवा बोला, पण खाऊ नका." म्हणजे बोलण्याची मला वैद्यकीय परवानगी मिळाली, असा मी अर्थ काढला. बोडिलने वेगळा काढला.

हे सगळं सांगायचं कारण मागचा रविवार.

मी नेहमीच्या जागी, रांगेच्या कठड्याजवळ उभा होतो. समोर एक म्हातारे गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, बटण गळ्यापर्यंत लावलेलं. बरोबर त्यांची नात, असेल दहा-अकरा वर्षांची, लिवा नावाची. आजोबा तिला सांगत होते, "त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात मी इथे ब्रेकवाला होतो. एकदा दांडा अडकला, तेव्हा मी बूट चाकाखाली घालून गाडी थांबवली."

थीराताई, जर्मनांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण ब्रेकवाला! नव्वद वर्षांत ग्रोबेनवर चौदा ब्रेकवाले झाले. त्यांची नावं शेडमध्ये ओकच्या फळीवर रंगवलेली आहेत, तेरावं माझं, चौदावं सिग्नेचं, जिला मी स्वतः शिकवलं. ती नावं मला मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चांगली पाठ आहेत. बोडिलने मागून कोटाची बाही धरली. पण बाही धरून तोंड बंद होत नाही.

"माफ करा," मी म्हणालो, "पण ते तुम्ही नव्हतात. त्रेसष्टला इथे होल्गर होता. ब्रेकवाल्यांच्या फळीवर त्याचं नाव आहे, माझंही. आणि बूट घातला असतात तर पाय राहिला नसता."

रांगेतले तीसेक लोक वळून पाहू लागले. बोडिल बाही सोडून दहा पावलं मागे सरकली. म्हातारबुवांचा चेहरा पांढरा पडला. लिवाने आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आजोबांकडे. मी तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला विजय वाटला नाही. पण शब्द तर बाहेर पडून गेले होते.

"बूट नव्हता," ते हळूच म्हणाले. "बुटाचं मी दर वर्षी थोडं थोडं वाढवलं, नातीला आवडतं म्हणून." मग त्यांनी मान वर केली. "पण होल्गरला गालगुंड झालं होतं. बारा दिवस. मी तेव्हा तिकिटं फाडायचो. मालक म्हणाले, एवाल्ड, बस वर. पगार तिकिटांचाच दिला, म्हणून नाव कुठे लागलं नाही."

मी म्हणालो, असं कोणीही सांगेल. (हो, म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण पत्र तुला आहे.)

"दांडा कुठे धरता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मुठीत. आणखी कुठे?"

"तिसऱ्या उतारावर नाही. तिथे तो झटका देतो. तिथे डावा अंगठा दांड्याखालच्या खाचेत अडकवायचा, नाहीतर मनगट जातं. होल्गरने अंथरुणातून ओरडून सांगितलं होतं."

ताई, त्या खाचेबद्दल मी सिग्नेखेरीज कोणालाही सांगितलेलं नाही. बोडिललासुद्धा नाही. कुठल्या पुस्तकात नाही, फळीवर नाही. ती बाहेरून दिसत नाही. बाकावर बसून अंगठा दुखल्याशिवाय ती सापडतच नाही. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. ते बोलता बोलता अंगठा वाकवून धरत होते, अगदी मी धरतो तसा.

आयुष्यात पहिल्यांदा मला भर रांगेत कोणीतरी दुरुस्त केलं. कसं वाटतं हे आजवर मला माहीत नव्हतं. कान तापतात आणि पावलांचं काय करावं ते कळत नाही. मी ही भेट आजवर किती लोकांना दिली असेल, हा हिशेब तिथेच उभ्या उभ्या मनात यायला लागला, तो मी थांबवला.

मग मी टोपी काढली, या वेळी खरोखर, आणि लिवाला म्हणालो, "तुझे आजोबा खरं सांगतायत. मी चुकलो. बारा दिवस ते होते." आणि मग मोठ्याने, तीस जणांना ऐकू जाईल असं: "आणि ते बारा दिवस कोणाला काही झालं नाही, कारण वर बसायला हा माणूस होता."

बोडिल दहा पावलं मागून चालत पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. हे गेल्या सहा वर्षांत झालेलं नव्हतं.

मी दोघांना शेडमधून आत नेलं. सिग्नेला सांगितलं, गाडी रिकामी आहे तोवर यांना बाकावर बसू दे. नियमात बसत नाही, पण नियम लिहिणाऱ्यालाही खाच माहीत नाही. एवाल्डना वर चढायला पाच मिनिटं लागली. मी आणि सिग्नेने दोन बाजूंनी धरलं. बसले, दांडा हातात घेतला आणि डोळे मिटले. गाडी जागची हलली नाही, तरी लिवा ओरडली, "आजोबा, ब्रेक!" आणि त्यांनी इतक्या सफाईने ओढला की सिग्ने माझ्याकडे बघून पुटपुटली, "तुमच्यापेक्षा हलका हात आहे." मी काहीच बोललो नाही. हेही नोंदवून ठेव.

बुधवारी मी फळी खाली उतरवली आणि निळ्या रंगाने नाव लिहिलं: एवाल्ड, बारा दिवस, १९६३. अक्षर थोडं वाकडं आलं. बोगेलुंडमध्ये आजवर जे काही केलं, त्यात मला सगळ्यात जास्त अभिमान या वाकड्या ओळीचा आहे. पंधरा ब्रेकवाले! चौदा जण सांगणारा कोणी भेटला तर त्याला दुरुस्त करायला मी मोकळा आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नामागच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर: लोकांना दुरुस्त करावं का? करावं. पण आधी विचारावं, तुम्हाला हे कुठून कळलं. परवाच एका गृहस्थांना विचारलं. ते म्हणत होते, ग्रोबेनचं लाकूड बुडालेल्या जहाजाचं आहे. मी म्हणालो, कोणी सांगितलं? ते म्हणाले, "तुम्हीच. तीन वर्षांपूर्वी." (मी फक्त शेडच्या दाराबद्दल बोललो होतो. बहुतेक.)

गुडघा जप. काठी वापर.

तुझा,
आस्गर

ता. क. – बोडिलने पत्र वाचलं. ती म्हणते, रांगेत तीस नव्हे, आठ माणसं होती, त्यातली दोन मुलं झोपली होती. तिने मोजली असतील तर असतील.

ता. क. २ – खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं. चार जुलैला ग्रोबेनला नव्वद वर्षं होतात आणि भाषण माझं आहे. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत धरली आहे. भाषणात एक वाक्य आहे: 'सात वर्षांचा असताना मी ग्रोबेनवर पहिल्यांदा बसलो, दोन्ही हात हवेत, डोळे उघडे, आणि तेव्हाच ठरवलं.' स्थानिक वर्तमानपत्राने ते आधीच छापलं आहे. माझे हात त्या दिवशी तुझ्या वेणीला होते, तोंड तुझ्या मांडीत होतं, आणि तुझा पिवळा फ्रॉक आईने दोनदा धुतला, हे आता जगात फक्त तुला माहीत आहे. तू चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्यास, हेही मला माहीत आहे. ताई, भाषण चालू असताना हात वर करू नकोस.